पॅट्रिक ओ’कॉनेलच्या दगडाबद्दल, ‘जुना फुटबॉलवेडा’ यांस

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया वाचली आणि दोन दिवस तशीच ठेवली. रागाच्या भरात खरडलेलं उत्तर नंतर माझं मलाच वाचवत नाही, हा जुना अनुभव आहे. आता राग उतरलाय, शिवाय तुमचं बरंचसं म्हणणं पटलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी: पॅट्रिक ओ’कॉनेल हा डब्लिनचा खेळाडू. १९१४ मध्ये १,००० पौंड मोजून मँचेस्टर युनायटेडने त्याला घेतला आणि पुढे तो त्यांचा कर्णधार झाला. १९२२ साली स्पेनला जाऊन प्रशिक्षक झाला. तिथे ‘डॉन पॅट्रिसिओ’ म्हणत त्याला. रेआल बेटिसने आजवर एकदाच लीग जिंकली आहे, १९३५ साली, ती याच्या हाताखाली. मग बार्सिलोना, पुन्हा बेटिस, सेव्हिया. शेवटी लंडनमध्ये कफल्लक होऊन फेब्रुवारी १९५९ मध्ये वारला आणि केन्सल ग्रीनच्या सेंट मेरीज दफनभूमीत बिननावाच्या कबरीत पुरला गेला. पन्नासहून जास्त वर्षांनी फुटबॉलच्या चाहत्यांनी वर्गणी गोळा करून तिथे त्याच्या नावाचा दगड बसवला. माझा लेख त्या वर्गणीवर होता.

तुमचा आक्षेप असा: बायको आणि चार मुलांना टाकून गेलेला, पहिली बायको जिवंत असताना दुसरं लग्न केलेला, निकाल आधी ठरलेल्या सामन्यात पेनल्टी भलतीकडे मारलेला माणूस, त्याला दगड कशाला? ‘मेल्या म्हशीला मणभर दूध’ अशातली गत आहे, असं तुम्ही लिहिलंत. पैसे गोळा करायचेच तर जिवंत खेळाडूंसाठी करा. आणि मी त्याच्या बायकोचा विषय एका ओळीत उरकला.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तिथे मी उघडा पडलोय. ‘कौटुंबिक आयुष्य गुंतागुंतीचं होतं’ असं लिहिलं होतं मी. फार सोयीचं वाक्य. गुंतागुंत वगैरे काही नव्हती. तो मँचेस्टरमधून गेला आणि त्याची बायको एलन चार मुलं घेऊन मागे राहिली, एवढं सरळ होतं ते. स्पेनमध्ये त्याने लग्न केलं तीही आयरिश, आणि नावाने तीही एलनच. पुढे त्याचा मुलगा बापाला शोधत सेव्हिलपर्यंत पोचला, तर बापाने चारचौघांत त्याची ओळख ‘पुतण्या’ म्हणून करून दिली. हे मला लेख लिहिताना माहीत होतं. गाळलं, कारण लेखाच्या गोडव्यात खडा आला असता. तुम्ही पकडलंत, बरं झालं.

आता ती पेनल्टी. २ एप्रिल १९१५, गुड फ्रायडे, ओल्ड ट्रॅफर्ड. युनायटेड खालच्या विभागात घसरायच्या बेतात, समोर लिव्हरपूल. महायुद्ध सुरू आहे, पुढच्या हंगामात लीग होईल की नाही हे कुणालाच माहीत नाही, म्हणजे खेळाडूंचा पगारही अधांतरी. युनायटेडच १-० ने पुढे असताना पेनल्टी मिळाली. ओ’कॉनेलने मारली, ती गोलच्या पुष्कळ बाहेरून गेली. सामना २-० असा संपला, आणि नेमक्या त्याच निकालावर बुकींकडे पैसे लागले होते, एकास सात भावाने. चौकशी बसली, लिव्हरपूलच्या चार आणि युनायटेडच्या तीन खेळाडूंवर आजन्म बंदी आली. ओ’कॉनेलचं नाव त्या सातांत नव्हतं. युनायटेड एका गुणाने वाचलं.

तुम्ही म्हणता तो दोषी होता. असेलही. पण ज्यांच्यावर बंदी आली त्यातला सँडी टर्नबुल १९१७ मध्ये आरासच्या लढाईत मारला गेला आणि मेल्यावर त्याची बंदी उठवली गेली. युनायटेडच्या बंदी आलेल्या तिघांपैकी त्या सामन्यात प्रत्यक्ष खेळलेला इनॉक वेस्ट हा एकटाच. त्याला १९४५ पर्यंत थांबावं लागलं. त्या दिवशी कोण किती बरबटला होता हे तेव्हाच्या समितीलाही धड ठरवता आलं नाही, मग एका चुकलेल्या पेनल्टीवरून मी इतक्या वर्षांनी निकाल द्यावा असं मला वाटत नाही.

तुमच्या हातात आणखी थोडा दारूगोळा देतो. १९३५ च्या लीगचा शेवटचा सामना बेटिसला सांतांदेरला जाऊन रासिंगशी खेळायचा होता. रासिंग म्हणजे ओ’कॉनेलचीच जुनी माणसं. सात वर्षं त्याने त्यांना घडवलं होतं. गोष्ट अशी सांगतात की आदल्या रात्री तो त्यांना भेटायला गेला आणि म्हणाला, तुम्हाला या सामन्यातून काही मिळायचं नाही, फार जीव तोडून खेळू नका. त्यावर ते म्हणाले, मिस्टर, आमचा अध्यक्ष माद्रिद क्लबचा पाठीराखा, आम्ही जिंकलो तर पैसे देणार आहे. खरं-खोटं देव जाणे. बेटिस ५-० ने जिंकलं. बेटिसचे ३४ गुण, माद्रिदचे ३३. ही गोष्ट बेटिसवाले हसत सांगतात. ‘हरलं तरी बेटिस झिंदाबाद’ हे ब्रीद मिरवणाऱ्या लोकांकडून दुसरी काय अपेक्षा!

एका बाबतीत तर तुम्ही मला सोडूनच दिलंत. ओ’कॉनेलने स्पेनच्या यादवी युद्धात बार्सिलोना क्लब ‘एकट्याने वाचवला’ असं मी लिहिलं होतं, ते चूक आहे. ऑगस्ट १९३६ मध्ये क्लबचे अध्यक्ष जुझेप सुन्योल यांना फ्रँकोच्या सैन्याने ग्वादारामाच्या डोंगरात मारलं. क्लब चालवत होती कर्मचाऱ्यांची समिती. १९३७ मध्ये मेक्सिकोहून दौऱ्याचं आमंत्रण आलं, १५,००० डॉलर आणि वर खर्च. पोरं घेऊन बोटीत बसला तो ओ’कॉनेल, हे खरं. पण मिळालेले पैसे पॅरिसच्या बँकेत सुरक्षित ठेवायची अक्कल क्लबचे सचिव रुसेन्द काल्वेत यांची. त्याच पैशातून कर्ज फिटलं. बहुतेक खेळाडू मेक्सिकोत नाहीतर फ्रान्समध्येच राहिले. ओ’कॉनेलबरोबर परतलेले चारच. तो परतला, ही गोष्ट मला अजूनही मोठी वाटते. आयरिश पासपोर्टवाल्याला न्यूयॉर्कहून डब्लिन गाठणं बार्सिलोनापेक्षा सोपं होतं. पण ‘एकट्याने’ हा शब्द आज लेखातून काढला.

तर मग दगड कशाला?

मी लंडनमध्ये हॅरोला राहतो, केन्सल ग्रीन माझ्याच बेकरलू या मेट्रो लाइनवर. एका रविवारी गेलो होतो. शेजारची मोठी दफनभूमी म्हणजे श्रीमंतांचे मंडप, देवदूत, खांब. सेंट मेरीज ही कॅथलिकांची, १८५८ ची. दुष्काळातून पळून आलेल्या आयरिश माणसांनी भरलेली, दाटीवाटीची. ओल्या गवतात पाय घोट्यापर्यंत जात होता. दोन दगडांच्या मधे मोकळी जागा दिसली की ती मोकळी नाही हे लक्षात यायला थोडा वेळ लागतो. मग आपण पाऊल जपून टाकायला लागतो. दगड नसलेला माणूस तिथे म्हणजे नोंदवहीतला एक आकडा. १९५९ च्या फेब्रुवारीत बेटिस बऱ्याच वर्षांनी पहिल्या विभागात परतून खेळत होतं, आणि त्यांना लीग जिंकून दिलेला माणूस अशा एका आकड्याखाली गेला.

मी मूळचा कोल्हापूरचा. पेठेतली पोरं तालमीच्या कामासाठी वर्गणी मागायला दारात आली की आजी पहिला प्रश्न विचारायची, ‘कुणासाठी रं?’ नाव कळल्याशिवाय तिचा डबा उघडत नसे. पण नाव कळल्यावर तो माणूस दारू पितो का, बायकोला नांदवतो का, हे तिने कधी विचारलं नाही. आणि पेठेतलं तिला सगळं माहीत असे. ओ’कॉनेलसाठी पैसे दिलेल्यांपैकी बहुतेकांनी असाच डबा उघडला असणार. दगडावर नाव घालणं आणि गुणाचा दाखला देणं ही दोन खाती वेगळी आहेत. बेलफास्टला फॉल्स रोडच्या बाजूला त्याचं भित्तिचित्र काढलंय त्याबद्दल तुम्ही भांडलात तर मी थोडा गप्प बसेन. भिंतीवरचं चित्र म्हणजे मिरवणं झालं. कबरीवरचं नाव म्हणजे मिरवणं नव्हे.

तुम्ही जॅक लेस्लीचं उदाहरण दिलंत. प्लिमथसाठी ४०० सामन्यांत १३७ गोल, १९२५ मध्ये इंग्लंडच्या संघात निवड होऊन केवळ काळ्या कातडीपायी वगळला गेला, म्हातारपणी वेस्ट हॅमच्या पोरांचे बूट पुसले. चाहत्यांनी पैसे जमवून २०२२ मध्ये त्याचा पुतळा उभारला. तुम्ही म्हणता, असल्या माणसासाठी खुशाल काढा वर्गणी. शंभर टक्के. पण लेस्लीवर अन्याय जगाने केला, ओ’कॉनेलने तो स्वतः दुसऱ्यावर केला, म्हणून एकाला पुतळा आणि दुसऱ्याला गवत, हा हिशेब मला जमत नाही. पुतळ्यासाठी लायकी बघा की. नावासाठी कसली बघता?

आणि एक गोष्ट तुम्हाला बहुधा ठाऊक नसावी, कारण मीच ती लिहिली नव्हती. या सगळ्या खटपटीत त्याचा नातू आणि नातसून होती. नातू मँचेस्टरच्या एलनचा, म्हणजे टाकून दिलेल्या घरातला. बापाने मुलाला पुतण्या म्हटलं, आणि त्या मुलाच्या घरातली माणसं आजोबाचे कागद हुडकत बसली, चाहत्यांबरोबर उभी राहिली. त्यातही आजोबाने काय केलं ते त्यांनी झाकून ठेवलं नाही. मला जे माहीत आहे ते त्यांनीच सांगितल्यामुळे. ‘बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर’ म्हणतो आपण. या घराने दोन्ही केलं. दगडाला हरकत घ्यायचा पहिला हक्क कुणाचा असेल तर त्यांचा होता, आणि त्यांनी ती घेतली नाही. मग तुम्ही आणि मी कोण?

राहिला जिवंतांचा मुद्दा. तो बिनतोड आहे. फक्त, दगडाला पैसे गेले म्हणून जिवंतांचे कमी पडले असं कुठे झालेलं मला दिसत नाही. जे देतात तेच बहुधा दोन्हीकडे देतात.

प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की तुमच्या शाळेत फुटबॉल शिकवणारे सर आज ऐंशीच्या घरात आहेत, एका खोलीत राहतात, आणि त्यांनी घडवलेली मुलं त्यांना ओळखतही नाहीत. पण सरांचं नाव तुम्हीही लिहिलं नाहीत. इथे नको, सगळ्यांपुढे त्यांना संकोच वाटेल. मला ईमेल करा: नाव, गाव, औषधपाण्याचा महिन्याचा साधारण खर्च. त्यांच्या हाताखाली खेळलेले पाच-सहा जण तुम्ही हुडका, इकडची वर्गणी मी बघतो. पहिले शंभर पौंड माझे धरा.