पक्कं बिल

काल रात्री सोसायटीच्या खजिनदारांनी मला विचारलं, "पक्कं बिल आहे का?" कशाचं? तर सत्तर रुपयांच्या रबरी रिंगेचं. तेव्हापासून डोकं फिरलंय.

वाकडची आमची सोसायटी, त्यात दहा मीटर बाय पाचचा तलाव. पाणी एक सेंटीमीटर उतरलं की पाचशे लिटर गेलं, आणि आम्ही टँकरवर जगणारी माणसं. पंपाच्या झाकणातून गळत होतं. पंपवाल्यानं नुसतं येऊन बघायचे बाराशे सांगितले. "रिंगच तर बदलायचीय, मी बदलतो," असं मी मीटिंगमध्ये बोलून गेलो. ठराव एकमतानं पास. काम दुसऱ्यानं करायचं असलं की आमच्याकडे लगेच एकमत होतं.

रविवारी पंपाच्या खोलीत उकिडवा बसलो होतो, तेवढ्यात जिन्यावर सी विंगमधले काका प्रकटले. पोहायला निघालेले, कमरेला टॉवेल. डोक्यावर घट्ट रबरी टोपी, त्यामुळे भुवया वर ताणल्या जाऊन चेहरा कायमचा चकित.

"गळतंय?"

"हो. पण पंप बंद असतानाच. चालू असला की तो पाणी खेचतो, मग त्याच फटीतून उलट हवा आत जाते. ते बघा बुडबुडे."

काकांनी बुडबुडे बघितले. बराच वेळ बघितले.

"मग बंद करताच कशाला?"

याला उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्यासमोर पाणी गळलं की १२ जुलै १९६१ येतेच. पानशेत फुटलं तेव्हा ते सहा वर्षांचे होते, शनिवार पेठेत राहायचे, आणि वाड्यात पाणी कितव्या पायरीपर्यंत चढलं ते त्यांनी आमच्या जिन्यावर पाय ठेवून दाखवलं. मग म्हणाले, "रिंगेला खोबरेल लावा."

"सिलिकॉन ग्रीस लागतं काका. तेलानं रबर फुगतं."

"आमच्या कुकरला तीस वर्षं लावतोय!"

या कुकरच्या नादात मी पंप बंद केला, झाकण फिरवलं, आणि व्हॉल्व्ह बंद करायचा विसरलो. खोली तलावाच्या पातळीखाली. अख्खा तलाव मला भेटायला निघाला. पोहायच्या कपड्यांत काका होते, भिजलो मी. ते शांतपणे दोन पायऱ्या वर सरकले.

"व्हॉल्व्ह राहिला वाटतं."

आणि फोटो काढला. टॉवेलात मोबाईल कुठून आला देव जाणे.

रिंग मी बसवली. आता थेंबही गळत नाही, पण ते ग्रुपवर कुणी लिहिलेलं नाही. माझ्या फोटोला मात्र एकेचाळीस अंगठे आहेत, त्यातले दोन आमच्याच घरातले. एका ताईंनी विचारलंय, सांडलेल्या पाण्याचा टँकर कुणाच्या खात्यावर टाकायचा? चौऱ्याऐंशी फ्लॅट आहेत, पाना धरायला एक माणूस खाली उतरला नाही. उतरले ते काका.

दुकानदारानं काड्यापेटीच्या खोक्यामागे 'सत्तर' लिहून दिलंय. तेच फाइलला लावलंय. अजून ओलं आहे.