आमच्या बाल्कनीत कागदाचाच कंदील लागेल

आज सकाळी आमच्या इमारतीच्या ग्रुपवर कमिटीचा मेसेज आला. यंदा दिवाळीला सगळ्या बाल्कन्यांत एकसारखे एलईडी कंदील. कमिटी घाऊक आणणार, घरटी वर्गणी घेणार. आणि शेवटची ओळ अशी: "कृपया कोणीही वेगळा कंदील लावू नये, इमारतीची शोभा बिघडते." खाली अंगठ्यांची रांग. सोबत एक फॉर्म. नरकचतुर्दशीच्या सकाळचे फोवही (म्हणजे पोहे) आता पाच प्रकारांच्या डब्यांत घरपोच मिळतील, नाव नोंदवा. त्यालाही अंगठे.

दिवसभर मी काही बोलले नाही. आता मुलं झोपलीत आणि हे लिहिल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

वेगळा कंदील लावू नये? अहो, कंदील असतोच वेगळा! गावातल्या आमच्या वाड्यावर काळोखातून घरी येताना कंदिलावरून घर ओळखायचे. हिरव्या चांदणीचं घर मास्तरांचं. शेपट्या लांबच लांब सोडलेल्या असतील तर शिंपीणबाईंचं, कारण त्यांच्याकडे कातरलेले तुकडे भरपूर. सगळ्यांचे कंदील एकाच खोक्यातून निघाले तर बाहेर टांगायचे तरी कशाला? जिन्यातले दिवे आहेतच की सारखे.

तुम्हांला हे समजावून सांगायची गरज नाही. तुम्ही सगळे तसल्याच ओट्यांवर वाढलात, खळीने चिकटलेली बोटं तुम्हीही परकराला पुसलीत. म्हणून इथे लिहितेय, ग्रुपवर नाही. ग्रुपवर लिहिलं तर "मॅडम, प्लीज पॉझिटिव्ह रहा" असं येईल.

मला सकाळपासून २०१२ ची दिवाळी आठवतेय. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या लोकांना ते साल सांगावं लागत नाही. सप्टेंबरात लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाचाही आदेश आला. आमच्या तात्याचे खाणीवर ट्रक होते आणि बँकेचे हप्ते चालू होते. पावसाळा सरला की खनिजाची वाहतूक पुन्हा सुरू व्हायची, त्यामुळे आमच्याकडे दिवाळी म्हणजे घरात पुरुषमाणूस नसण्याचा सण. तात्या पहाटे लाल धुळीने माखलेला यायचा, पणजीहून आणलेला दुकानातला सगळ्यात मोठा कंदील टांगायचा, आंघोळ करून दोन घास खायचा आणि परत जायचा. त्या वर्षी ट्रक अंगणात उभे होते, ताडपत्री घालून. तात्या आठवडेच्या आठवडे कोणाशी धड बोलत नव्हता. ताटावर बसायचा, उठायचा, ट्रकला एक फेरी घालायचा.

काकीने मुलांना आधीच बजावलं होतं, यंदा कंदील मागायचा नाही. मुलांनी मागितलाही नाही. मुलं मागत नाहीत हे तात्याला जास्त लागलं असावं. एका संध्याकाळी तो परसात गेला, एक बांबू तोडून ओढत आणला, ओट्यावर बसला आणि मला म्हणाला, "कोयतो हाड गो." कोयता आण गं. त्या महिन्यात त्याने माझ्याशी आपणहून बोललेलं पहिलं वाक्य ते.

त्याबद्दल पुढे सांगते. आधी मला आपल्या नरकासुराबद्दल बोलायचंय, कारण खरा राग माझा तिथे आहे.

गोव्यात दसरा झाला की गावोगावची पोरं नरकासुराच्या पुतळ्याला लागतात. बांबूचा सांगाडा, गवताचं पोट, रद्दी कागदाचे थरावर थर, मुखवटा, नखं, सुळे. कामावरून आलेली पोरं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागतात. डोळे फिरतात, हात हलतात, जबडा उघडतो, आणि हे सगळं चतुर्दशीच्या पहाटे जाळण्यासाठी! कला आहे, मी नाकारत नाही. त्या पोरांइतका बांबू बांधता येणारा माणूस आज इंजिनियरिंग कॉलेजातही मिळायचा नाही. पण ज्याला कृष्णाने मारला त्या असुरासाठी आपण पंधरा-वीस दिवस हात राबवतो, आणि तो मेल्याच्या आनंदात जो दिवा टांगायचा तो मात्र प्लास्टिकच्या खोक्यातून काढतो. राक्षस घरचा आणि उजेड विकतचा! हे कोणालाच खटकत नाही का? वर ते भोंगे. रात्रभर छातीत धडधडणारं संगीत, म्हातारी माणसं उशीखाली डोकं घालून पडलेली, आणि पहाटे नरकासुर जळेपर्यंत पोरं इतकी दमलेली की अभ्यंगाला उठत नाहीत. आईने उटणं कालवून ठेवलेलं, तुळशीपाशी कारीट मांडून ठेवलेलं, आणि कारीट फोडायचं ते पोरगं आडवं झोपलेलं. दिवाळीची जी एक वेळ घराची म्हणून राखलेली आहे, तेल, कारीट, ओवाळणी, फोव, तीच नेमकी झोपेत जाते.

मी नरकासुराच्या विरोधात नाही. माझं म्हणणं एवढंच की ज्या हातांना एवढं येतं त्यांनी एक संध्याकाळ घरच्या ओट्यावर बसावं. बांबू तोच, खळ तीच.

तर तात्या. बांबू चिरायला बसला तेव्हा कामट्या कुठे जाड, कुठे पातळ निघत होत्या. स्टिअरिंगवर आयुष्य गेलेले हात ते. थोड्या वेळाने शेजारचा ड्रायव्हर कुंपणाशी येऊन उभा राहिला. मग आत आला. मग त्याने कोयता मागितला. दिवेलागणीपर्यंत आमच्या ओट्यावर माणसंच माणसं, सगळी खाणीवरची, सगळी बसून. काही कामट्या तासत होते, काही सुतळी भिजवत होते. हप्त्यांबद्दल कोणी बोललं नाही. एरवी ही माणसं गडग्यावर बसून दुसरं काहीच बोलत नव्हती. मी पिठाची खळ शिजवत होते आणि बाहेरचं बोलणं ऐकत होते: "इकडे धर", "जरा ताण", "अरे, तो चौकोन उलटा लागला." आमचा झाला, मग शेजारच्या घराचा सुरू झाला, मग पलीकडच्या.

आमचा कंदील एका बाजूला कलला होता. निळा कागद संपला म्हणून एक बाजू पांढरी राहिली. त्याने घराची शोभा बिघडली का? कमिटीने येऊन सांगावं.

कोणी म्हणेल, ही हौस नव्हती, नाइलाज होता, आणि तू गरिबीचे गोडवे गातेस. बरं, नाइलाज होता. पण पुढच्या वर्षीही तात्याने बांबूच तोडला आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. पैसे आल्यावरसुद्धा दुकानातला कंदील आमच्या घरात पुन्हा आला नाही. तो नाइलाज नव्हता.

फ्लॅटमध्ये जागा नाही, हे मान्य. दोघं नोकरीवर असताना वेळ नसतो, हेही मान्य, मीही सहाच्या बसने घरी येते. आणि एलईडी बल्बला माझी काही हरकत नाही. उलट बरा, कागद तापत नाही, रात्रभर लावून ठेवता येतो. माझ्या कागदाच्या कंदिलातही तोच असतो.

पण चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, हीच माणसं काय करतात ते बघा. माटोळीला, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळांच्या छताला, नारळाचा घड हवा, सुपारीचा घोस हवा, रानातली कांगलां हवीत, कवंडळ हवं, म्हणून म्हापशाच्या बाजारात पहाटे उभी राहतात. आपलं कला आणि संस्कृती खातं माटोळीची स्पर्धा घेतं, आणि तिथे लोक काय काय रानफळं शोधून बांधतात ते बघून छाती भरून येते. माटोळीला कोणी प्लास्टिकचं कवंडळ टांगलं तर आपण त्या घरात प्रसाद तरी घेऊ का? मग दोन महिन्यांनी असं काय होतं आपल्याला?

आणि तो फोवांचा फॉर्म. त्याने मला कंदिलापेक्षाही जास्त दुखावलं.

फोव काय घरपोच मागवायची गोष्ट आहे? चतुर्दशीच्या सकाळी फोव खायला एकमेकांच्या घरी जातात, यातच सगळं आलं. एका घरचे तिखशे, म्हणजे तिखट, दुसरीकडचे दह्यातले, तिसरीकडे बटाट्याचे आणि सोबत काळ्या वाटाण्यांची उसळ. प्रत्येक घरी चमचाभर तरी घ्यायचे, नाही म्हटलं तर त्या घरच्या बाईला राग येतो, आणि यायलाच हवा. सगळ्या फ्लॅटांत एकाच स्वयंपाकघरातले डबे आले तर कोण कोणाच्या दारात जाईल, आणि काय खायला?

२०१२ ला काकीने फोवही विकत आणले नव्हते. माहेरून नव्या भाताची पिशवी आली होती. ते भात भिजवलं, मोठ्या कढईत भाजलं आणि गरम असतानाच उखळीत कांडलं. थंड झालं की दाणा चपटा होत नाही, तुटतो, म्हणून भाजणारी आणि कांडणारी यांच्यात उसंतच नसते. काकी भाजत होती, आई आणि शेजारची वहिनी आळीपाळीने मुसळ मारत होत्या, आम्ही मुली सुपात पाखडत होतो. जाडसर, तांबूस, तुसाचा वास असलेले फोव. सकाळी त्याच ओट्यावर, त्याच ड्रायव्हरांना, केळीच्या पानावर वाढले. तात्या हसला. खूप दिवसांनी हसला. बस, याहून जास्त मला लिहिता येत नाही.

आता रागही थोडा उतरलाय, तर कामाचं सांगते. गेल्या वर्षी फोटो टाकला तेव्हा कंदील कसा करायचा असं बऱ्याच जणींनी विचारलं होतं.

सारख्या लांबीच्या २४ कामट्या घ्या. वीतभर लांब पुरे, फ्लॅटच्या बाल्कनीला तेवढाच शोभतो. बाजारात सुपं, पांटल्या (टोपल्या) विकणाऱ्या बायकांना आधल्या खेपेला सांगून ठेवलं तर त्या तासलेल्या कामट्या आणून देतात. भाव करू नका त्यांच्याशी. चार-चार कामट्यांचे सहा चौकोन बांधा. मग चौकोनांचे कोपरे एकमेकांना बांधत जा, म्हणजे मध्ये आठ त्रिकोण आपोआप पडतात, त्यांना वेगळी कामटी लागत नाही. हे पोरांना करू द्या, त्रिकोण पडताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. वरचा चौकोन उघडा ठेवा, तिथून बल्ब सोडायचा. बाकी ठिकाणी पतंगी कागद, चौकोनांना एक रंग आणि त्रिकोणांना दुसरा. खळ मैद्याची, पातळ शिजवून पूर्ण गार केलेली. गरम खळीने कागद फाटतो. खालच्या चौकोनाला शेपट्या. आणि ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडलं की कंदील आत घ्या. पावसाने भिजला तर भिजला, नुसता कागद बदलायचा, सांगाडा वर्षानुवर्षं टिकतो.

ज्यांना फोवांचा सगळा घाट झेपत नाही त्यांनी निदान रोसातले, म्हणजे नारळाच्या दुधातले, करा. जाड फोव दोन वाट्या, धुऊन चाळणीत निथळत ठेवायचे. एका नारळाचा पहिला घट्ट रोस काढायचा, त्यात पाऊण वाटी माडाचा गूळ किसून विरघळवायचा, वेलची, चिमूटभर मीठ. रोस उकळायचा नाही, फुटतो. फोवांवर वाढायच्या वेळीच ओतायचा, आधी ओतला तर लगदा होतो. चूल पेटवायचीसुद्धा गरज नाही, त्यामुळे "वेळ नाही" हे कारण इथे मी ऐकणार नाही.

कमिटीला मी वर्गणी देणार आहे, भांडण नको. त्यांचा कंदील जिन्यात लावा म्हणून सांगणार आहे. माझ्या बाल्कनीत कागदाचा लागेल, आणि कोणी काढायला सांगितलं तर मी सगळ्यांसमोर नाही म्हणेन. चौथ्या मजल्यावरच्या आजींना मघाशी फोन केला, त्या म्हणाल्या, "मला बाई शेपट्या कापता येतात, बोलव." तळमजल्यावरचा कॉलेजातला मुलगा नरकासुराच्या गटात आहे, त्यालाही बांबू बांधायला बोलावलंय. येतो म्हणालाय, नरकासुराचं काम आटपून.

पर्वरीत, म्हापशात, पणजीत जे कोणी जवळ आहात ते चतुर्दशीच्या आदल्या रविवारी दुपारी आमच्याकडे या. कामट्या माझ्या, कागद तुम्ही आणा, लाल सोडून, लाल माझ्याकडे खूप आहे. आणि चतुर्दशीच्या सकाळी फोवांना या. तिखशे, रोसातले आणि ताकातले एवढे नक्की असतील. आठच्या आत या, तिखशे लवकर संपतात.