विठोबाला विटेवरून उतरू देऊ नका

माळ घालायचं ठरवलंय म्हणता? चांगलं आहे. पण आळंदीची गाडी पकडण्याआधी दहा मिनिटं माझ्यासमोर बसा. मी 11 वर्षांचा माळकरी आहे, आणि या 11 वर्षांत माझ्या वागण्यात तसूभर फरक पडलेला नाही. हे आपोआप होत नसतं. रोज जपावं लागतं.

माळ घालणं मुळात अवघड नाहीच. एखाद्या एकादशीला आळंदीला नाहीतर पंढरीला जायचं, महाराजांपुढे बसायचं, ज्ञानेश्वरीवर ठेवलेली तुळशीची माळ गळ्यात घालून घ्यायची. मग नियम सांगतात. मांस-मद्य सोडा, एकादशी धरा, वर्षाला वारी करा, खोटं बोलू नका, परक्याच्या पैशाला हात लावू नका. यातले पहिले तीन नियम लोकांना दिसतात, तेव्हा ते पाळायला हवेत. शेवटचे दोन कुणाला दिसत नाहीत. एवढ्यावरून काय ते समजून घ्या.

पहिले तीनही जड जात असतील तर घरात एक भक्कम खुंटी ठोकून घ्या. आषाढी एकादशी झाली की गटारी जेमतेम 18-19 दिवसांवर येते. तेव्हा माळ खुंटीला, रस्सा ताटाला. आमच्या ओळखीत एक गृहस्थ आहेत, त्यांच्या माळेचे मणी गळ्यापेक्षा खुंटीला घासून जास्त झिजले आहेत.

हे झालं वरवरचं. खरी मेख वेगळीच आहे. देव जिथं उभा आहे, तिथंच उभा राहिला पाहिजे. पुंडलिकानं वीट फेकली, तेव्हापासून 28 युगं तो कमरेवर हात ठेवून तिच्यावर उभा आहे. उत्तम उभा आहे. त्याला घरी आणायचंच असेल तर फ्रेममध्ये घालून आणा आणि फ्रेम हॉलमध्ये लावा. तिथून तो स्वयंपाकघरात, तिजोरीपाशी, सोसायटीच्या मीटिंगमध्ये किंवा लिफ्टमध्ये शिरणार नाही, एवढं मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. एकदा शिरला की संपलं. आणि पुंडलिकानं वीट का फेकली, याच्या फार खोलात शिरू नका. तो आईबापाची सेवा करत होता, म्हणून त्यानं दारात आलेल्या देवाला थांबायला सांगितलं. आपण यात थोडी सुधारणा करून घेतली आहे. आईचा फोन आला की आपण हळूच कापतो आणि मेसेज टाकतो, ‘हरिपाठ चालू आहे, नंतर करतो.’

आता एकादशी. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणून लोक हसतात, हसू द्या. तुम्ही साबुदाणा आदल्या रात्री भिजवायला सांगा. सांगा म्हणतोय, भिजवा म्हणत नाही. भिजवणाऱ्या बाईंचाही उपवास असतो, पण तो वेगळ्या प्रकारचा: त्यांना खिचडी आपल्यासाठी आणि पोळी-भाजी मुलांसाठी, असा दोन्हीकडचा स्वयंपाक करायचा असतो. खिचडीत शेंगदाण्याचं कूट सढळ हवं, बटाट्याच्या फोडी मोठ्या हव्यात, मिरची हिरवी हवी. साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही चारही मंडळी मूळची दक्षिण आणि मध्य अमेरिकेची. माउलींनी समाधी घेतली 1296 साली आणि कोलंबस तिकडे पोचला 1492 साली. म्हणजे माउलींना एकादशीची खिचडी माहीतच नव्हती. मग त्या दिवशी ते करत तरी काय असतील, असा विचार मनात आला तर वर थोडं ओलं खोबरं भुरभुरा. विचार जातो.

कीर्तनाबद्दल. आमच्या सोसायटीच्या वर्धापनदिनाला आम्ही दरवर्षी कीर्तन ठेवतो. इथं एक अडचण येते, तिचं नाव तुकोबा. जिथं कीर्तन करावं तिथं जेवू नये, कपाळाला बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात हारही घालून घेऊ नये, असं ते सांगून बसले आहेत. एवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण आपल्या घोड्या-बैलाला दाणावैरणसुद्धा तिथं मागू नये, आणि पैसे घेणारे व देणारे दोघेही नरकात जातात, असंही त्यांनी म्हणून ठेवलं आहे. देणारेसुद्धा! म्हणजे आमची अख्खी कमिटी. यावर मी खजिनदार या नात्यानं फार विचार केला. अभंग नीट वाचा. त्यात वैरणीला मनाई आहे, डिझेलला नाही. तेव्हापासून आमच्या वहीत बुवांचं पाकीट ‘डिझेल’ या खात्यावर पडतं. गेल्या वर्षीच्या हिशेबानं बुवांची गाडी आमच्याकडे यायला काश्मीरला जाऊन आली असणार. ऑडिटर हसला, पण त्याच्याही गळ्यात माळ आहे.

तुकोबांचं तसं सगळंच गैरसोयीचं. दुष्काळ पडला, तर या वाण्यानं आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडून दिली. वसुली तरी करायची! पुढे त्यांच्या अभंगांच्या वह्या त्याच नदीत बुडवल्या गेल्या आणि 13 दिवसांनी कोरड्या वर आल्या, असं सांगतात. तेव्हा चमत्कार वाटला असेल. आता आळंदीत कधी जाऊन बघा, कारखान्यांच्या आणि गटारांच्या पाण्यानं इंद्रायणीवर इतका पांढराशुभ्र फेस आलेला असतो की त्याच्यावर वहीच काय, वही लिहिणाराही तरंगेल. आंघोळीचा धोका पत्करू नका. मी दरवर्षी घरून बाटलीत नळाचं पाणी नेतो, घाटावर उभा राहून तेच अंगावर शिंपडतो आणि उरलेलं तीर्थ म्हणून परत आणतो. आणि आमच्याकडचं सांडपाणी कुठल्या नदीला जातं, हा प्रश्न मीटिंगमध्ये आला की मी ताबडतोब पसायदान सुरू करतो. पसायदान सुरू झालं की सगळे उठून उभे राहतात आणि संपलं की घरी जातात.

संतांच्या गोष्टी मुलांना जरूर सांगाव्यात. नाथांनी रामेश्वराला वाहायची काशीची कावड तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी लावली, ही तर हुकमी गोष्ट आहे, माझ्या नातीचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी ती गेटबाहेरच्या कुत्र्यासाठी वाडग्यात पाणी ठेवायला निघाली. तिला प्रेमानं समजावलं की बाळा, ते गाढव होतं.

चोखोबांचा अभंग मात्र वर्षातून एकदा खड्या आवाजात म्हणाच. त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारापाशी, नामदेव पायरीजवळ आहे, म्हणजे देवळाच्या बाहेर. आयुष्यभर बाहेर होते, मग समाधीही बाहेरच. 28 युगं उभा असलेला हा देव सगळ्यांना भेटायला मोकळा झाला तो 1947 साली, तेही साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केलं तेव्हा. एवढ्या मोठ्या देवाला इतका वेळ लागला, तर आपल्या सोसायटीला थोडा लागणारच. वारीत कुणी कुणाचं आडनाव विचारत नाही. ती तिथली रीत आहे, तिथं पाळा. फ्लॅट भाड्यानं देताना मात्र आडनाव विचारायलाच हवं. थेट विचारणं बरं दिसत नाही. ‘मूळ गाव कुठलं? तिथं कुठल्या आळीत?’ असं पायरीपायरीनं चढत जा. चढताना ती पायरी नामदेवांची आहे, असं समजा.

आता वारीकडे येऊ. पालखीबरोबर पूर्ण पायी जायचं म्हणजे तीन आठवडे, अडीचशे किलोमीटर, पावसात, शेतात मुक्काम. पूर्ण पायी जाण्याची काही गरज नाही. हल्ली एका दिवसाची वारी मिळते. आम्ही सोसायटीतर्फे बस करतो, वडकीला उतरतो, दिवे घाट चढतो आणि वर बस उभी असते तिच्यात बसून परत येतो. पुणे ते सासवड हा माउलींच्या वाटेवरचा सगळ्यात लांब टप्पा. त्यातला फोटोला चांगला भाग तेवढा आपण चालतो.

आणि खरं सांगायचं तर घाटात मजा येते. वळणावळणानं वर जाणारी पताकांची रांग, खालून चढत येणारा टाळांचा आवाज, भिजलेल्या मातीचा वास. गेल्या खेपेला एक म्हातारी डोक्यावर तुळस घेऊन चालली होती. तिच्या टाचांना भेगा होत्या आणि भेगांत चिखल बसलेला. मी वाकलो, तिच्या पायाला हात लावला, तर ती डोक्यावरची तुळस एका हातानं सावरत माझ्या पायाशी वाकली. ‘माउली,’ म्हणाली. तिकडे असंच असतं, जो वाकतो त्याच्यापुढे समोरचाही वाकतो, लहानमोठा, बाई-पुरुष काही बघत नाहीत. क्षणभर मला घशाशी काहीतरी दाटल्यासारखं झालं. सावध राहा, घाटात असं होतं. मी लगेच फोटो निघाला का ते तपासलं. 212 लोकांना आवडला. संध्याकाळी परत आलो तर गेट उघडायला बदलीवरच्या पोरानं अर्धं मिनिट घेतलं. बसच्या खिडकीतून त्याची जी हजेरी घेतली, ती कुणीही फोटोत पकडली नाही, हे एक बरं.

बदलीवरचा पोरगा का, तर आमचे वॉचमन मामा वारीला गेले होते. हे प्रकरण तुम्हाला नीट सांगायला हवं, कारण तुमच्याही गेटवर असा एखादा माळकरी बसलेला असणार.

मामा परभणीकडचे, साठीचे. दरवर्षी म्हणतात, या वर्षी तरी जाऊ द्या. गेल्या ज्येष्ठात त्यांनी वहीचा कागद फाडून अर्ज दिला. ‘वद्य सप्तमीला निगतो, पुनवेचा काला झाला की हजर.’ मोजले तर 23 दिवस. विषय कमिटीपुढे गेला. त्या सभेचं इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे. ठराव क्रमांक 4: एकदिवसीय वारीसाठी एक बस, उपवासाचा नाश्ता व 35 टी-शर्ट मंजूर, छातीवर ‘मी वारकरी’, पाठीवर प्रायोजक बिल्डरचं नाव. ठराव क्रमांक 5: वॉचमन यांची रजा सुरक्षेच्या कारणास्तव नामंजूर, गेल्यास पगार कापावा. दोन्ही ठराव एकमतानं. अध्यक्ष तसे मोठ्या मनाचे. त्यांनी मामांना बोलावून सांगितलं, ‘मामा, एवढं कशाला चालता? आमच्याबरोबर बसमधून चला की एक दिवस. टी-शर्टही देतो.’

मामा म्हणाले, ‘येतो की साहेब. पर त्या दिशी गेटवर कोन बसंल?’

यावर कुणाला काही सुचलं नाही, म्हणून चहा आला. आमच्याकडे मीटिंगला चहा सगळ्यांना देतात. मामांचा कप वेगळा आहे, पण तो केवळ त्याचा कान तुटलाय म्हणून.

मामा पगार सोडून गेले. अशा वेळी मनाला लावून घेऊ नका. कापलेला पगार फुकट जात नाही, त्यातून टी-शर्टची छपाई निघते.

पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. मामा दारात. अंगानं निम्मे झालेले, काळे पडलेले, अजून धोतरातच. कामाची लिफ्ट बंद होती आणि दुसरी त्यांच्यासाठी नाही, म्हणून पाच मजले जिन्यानं चढून आलेले. हातात वर्तमानपत्राची पुडी: चुरमुरे, बत्तासे, बुक्का. आणि तिच्यात एक तुळशीची नवी माळ. ‘तुमची लई जुनी दिसती साहेब,’ म्हणाले. त्यांनी माझ्या कपाळाला बुक्का लावला आणि ‘माउली’ म्हणून खाली वाकले.

आता हीच ती वेळ, जिच्यासाठी मी तुम्हाला इतका वेळ बसवून ठेवलं. समोरचा वाकला की आपण वाकायचं असतं. घाटात मी वाकलो होतो, पण इथं समोरच्या फ्लॅटचं दार अर्धवट उघडं होतं, आणि शेजाऱ्यांची नजर मी कुठेही ओळखतो. 11 वर्षांची तयारी अशा वेळी कामी येते. मी झटकन फोन काढला, कानाला लावला आणि मोठ्यानं म्हणालो, ‘हां, बोला...’

मामा खाली वाकलेले होते. त्यांनी फोन पाहिलाच नव्हता. 23 दिवसांच्या सवयीनं, माझ्या पायावरचा हातही न उचलता, ते जिना दुमदुमेल अशा आवाजात म्हणाले, ‘पुंडलीकवरदा हाऽऽरि विठ्ठल!’

खालच्या मजल्यावर कुणीतरी त्यांना साथ दिली. मी पाचव्या मजल्यावर, दारात, कानाला बंद फोन लावून.

तुमच्यावर अशी पाळी आली तर फोनवर ‘हॅलो’ म्हणा.