कार्डातली बाई तुमच्याशी बोलत नाही

नात्यातल्या, शेजारच्या, भिशीच्या अशा सगळ्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणे टॅरो, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य सांगणं, ही इजिप्तची पाच हजार वर्षांची विद्या आहे. रोज रात्री एक कार्ड उशाखाली ठेवायचं, डोळे मिटून ध्यानाला बसायचं, मनानं त्या चित्रात शिरायचं आणि तिथल्या माणसाला आपला प्रश्न विचारायचा. २१ दिवसांत कार्ड बोलायला लागतं आणि ते सांगेल ते कधी खोटं ठरत नाही. वर आणखी, ‘ही आपली विपश्यनाच आहे, फक्त पद्धत वेगळी.’ परभणीत बसून असले मेसेज मी वाचून सोडून देते. हा सोडला नाही, कारण तो लातूरला माझ्या भाचीपर्यंत पोचला आणि तिनं तो खरा धरला.

भाची नीटची रिपीटर आहे, ट्यूशन एरियात खोली करून राहते. तिला भेटायला गेले तेव्हा बायोलॉजीच्या पुस्तकातून एका कार्डाची कलर झेरॉक्स खाली पडली. डोळ्यांवर पट्टी बांधलेली, अंग करकचून आवळलेली एक बाई आणि तिच्याभोवती जमिनीत रोवलेल्या आठ तलवारी. ‘एट ऑफ स्वोर्ड्स’. कागदाचे कोपरे उशाखाली दुमडून मऊ पडले होते. विचारलं तर म्हणाली, “मावशी, ती बोलली माझ्याशी. म्हणाली, तुझ्याच्यानं होत नसतंय, सोडून दे.” रविवारची टेस्ट तिनं दिलीच नव्हती.

म्हणून आधी कार्ड बोलतं या मुद्द्याचं बघू. ही बाई १९०९ साली लंडनमध्ये पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीनं काढली, आर्थर एडवर्ड वेट यांच्या टॅरो पत्त्यांच्या संचासाठी. त्याआधीच्या बहुतेक संचांत या पानावर बाई नव्हतीच. इस्पिकच्या अठ्ठीवर आठ इस्पिक असतात, तशा नुसत्या आठ तलवारी असायच्या. मग लंडनच्या चित्रातली बाई लातूरच्या खोलीत येऊन ‘होत नसतंय’ कशी म्हणेल? ते वाक्य आमच्या घरातलं आहे. पहिल्या निकालाच्या दिवशी दाजी, म्हणजे भाचीचे वडील, याच शब्दांत बोलले होते. पोरीच्या मनात ते रुतून बसलंय. दिवसभर अभ्यास करून थकलेली मुलगी रात्री डोळे मिटून ‘आता कुणीतरी बोलणार’ म्हणून वाट बघत बसली, तर मनात रुतलेलंच वर येणार. दाजी पुन्हा बोलले असते तर ती त्यांच्याशी भांडली असती. कार्डापुढे ती गप्प बसली, कारण कार्ड खोटं बोलत नाही असं मेसेजनं तिला आधीच पढवून ठेवलं होतं. मला चीड येते ती याची. पोरीच्या भीतीला यांनी देववाणी करून टाकलं आणि तिला उलटून विचारायची सोयच ठेवली नाही. खुद्द वेट यांनी या कार्डाबद्दल लिहिलंय की ही कैद तात्पुरती आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं तेवढंही वाचलेलं नाही.

इजिप्तचं म्हणाल, तर ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकल डमेट यांनी १९८० च्या ‘द गेम ऑफ टॅरो’ या ग्रंथात तो विषय पुराव्यानिशी निकालात काढलाय. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत निघाले, तेही डाव खेळायला. इजिप्तचं नातं १७८१ मध्ये कूर द जेबलां या फ्रेंच लेखकानं जोडलं. त्या वेळी इजिप्तची जुनी लिपी वाचता येणारा कुणी नव्हता. शांपोलियाँ या फ्रेंच अभ्यासकानं ती उलगडली १८२२ मध्ये.

उशाखाली कागद ठेवल्यानं तो आपल्याशी ‘जोडला’ जातो, यावर मी शब्द खर्च करणार नाही.

विपश्यनेचं नाव घेतलेलं मात्र खपत नाही. माझ्या सासूबाई इगतपुरीला दहा दिवसांच्या शिबिराला बसून आल्यात. तिथे नाकाशी येणारा-जाणारा श्वास आहे तसा बघायला सांगतात. मंत्र नको, मनात कुठलं चित्र रंगवणं नको, असं बजावलेलं असतं. चित्रात शिरून गप्पा मारायला सांगणाऱ्यानं तिचा आधार घेऊ नये.

एक कबूल करावं लागेल. शांत बसल्यानं जिवाची घालमेल कमी होते, आणि चित्र समोर असलं की माणूस मनातलं बोलून जातो. हार्वर्डमध्ये क्रिस्टियाना मॉर्गन आणि हेन्री मरे यांनी १९३५ मध्ये यावरच एक चाचणी मांडली. चित्र दाखवायचं आणि त्यावर गोष्ट सांगायला लावायची. पण त्या गोष्टीतून सांगणाऱ्याचं मन शोधतात, पुढचा निकाल नाही. शिवाय समोर त्यातलं शिक्षण घेतलेला माणूस बसलेला असतो. भाचीच्या समोर त्या खोलीत कुणीच नव्हतं.

हे ग्रुपवर लिहिलं तर एक वहिनी म्हणाल्या, “ज्याचा त्याचा विश्वास, कुणाचं काय जातंय?” टेस्ट गेली, वहिनी. आणखी थोडे दिवस कुणी तिला भेटायला गेलं नसतं तर वर्ष गेलं असतं. लातुरात, संभाजीनगरात, नांदेडात किती पोरं अशा खोल्यांमध्ये घरापासून लांब राहतात. त्यांना रात्री जिवंत माणसाशी बोलता आलं पाहिजे. जवळ कुणी नसेल तर मानसिक आधारासाठी सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही. ज्यांनी ज्यांनी तो मेसेज पुढे ढकलला, त्यांनी हा नंबर आजच त्याच ग्रुपांवर टाकावा.