हार्ट सगळ्यांचं सारखंच, मग वेगळी माहिती कशाला म्हणे!

अमेरिकेतल्या हार्टच्या आजारांवर एक पोस्ट जाम फिरतेय. म्हणे माहिती नेटवर फुकट पडलीय, ज्याला गरज तो वाचेल, हार्ट सगळ्यांचं सारखंच, मग काळे, लॅटिनो (मूळचे लॅटिन अमेरिकेतले), मिश्र वंशाचे ह्यांच्यासाठी वेगळे कार्यक्रम काढून पैसे का घालवायचे.

हार्ट सारखं असेल हो, पण तिथले डॉक्टर हार्ट अटॅकची रिस्क मोजायला वापरतात ते कॅल्क्युलेटर कुठे सारखं होतं? 2013 च्या कॅल्क्युलेटरमध्ये वंशाला गोरे, आफ्रिकन अमेरिकन आणि 'इतर' एवढेच पर्याय, आणि इतरांना गणित लावायचे गोऱ्यांचंच. आता जिची आई काळी आणि वडील गोरे, तिने टिक कुठे करायची? वय, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं तेच ठेवून नुसता वंश बदलला की रिस्कचा आकडा बदलायचा, म्हणजे बाई एक आणि उत्तरं दोन. शेवटी 2023 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने प्रिव्हेंट नावाचं नवीन गणित आणलं आणि त्यातून वंश काढूनच टाकला.

नेटवर फुकट आहे, मान्य. पण कोणत्या भाषेत? गोळीच्या डबीवर इंग्रजीत 'वन्स' लिहिलंय, दिवसातून एकदा. हेच स्पेलिंग स्पॅनिश वाचणाऱ्या लॅटिनोला 'ओन्से' दिसतं आणि ओन्से म्हणजे 11! बीपीची गोळी आहे ती, चणेफुटाणे नाहीत.

राहिलं 'ज्याला गरज तो वाचेल'. हाय बीपी बहुतेकांना जाणवतच नाही, मग गरज आहे हे कळणार कसं? लॉस एंजेलिसमध्ये 52 सलूनमध्ये प्रयोग झाला, तिथे नेहमी येणारे 319 काळे पुरुष घेतले, सगळ्यांचं बीपी वाढलेलं. साधारण निम्म्या सलूनमध्ये फार्मासिस्ट जाऊन बसले आणि कस्टमरच्या डॉक्टरशी ठरवून तिथल्या तिथे गोळ्या सुरू केल्या. सहा महिन्यांत वरचं बीपी सरासरी 27 ने उतरलं, 2018 मध्ये निकाल छापून आला.

आता प्रामाणिकपणे सांगतो, बाकीच्या सलूनमध्येही न्हावी सांगतच होते की बाबा खाणंपिणं सुधार, डॉक्टरला दाखव, तिथेही सरासरी 9 ने उतरलं. म्हणजे ओळखीच्या माणसाने कानावर घातलं तर थोडा फरक दिसतोच, पण पोस्टवाल्याला वाटतं तसं माहिती दिली की काम झालं असं नाही, कारण त्या सलूनमध्ये माहिती होती, गोळी लिहून देणारं कोणी नव्हतं.