आधी मोटार, मग नीती

चांगलं काय नि वाईट काय, हे ठरवण्यात मोठमोठ्या लोकांनी आयुष्यं घालवली. तुम्हाला तेवढी सवड नाही. पाणी येतं चार-पाच दिवसांनी, तेही पहाटे. तेव्हा बेळगावात राहून झटपट नीतिमान कसं व्हावं, ते सांगतो.

आधी निकाल लावून टाका, माप मागाहून शोधा. हा क्रम चुकवला की माणूस स्वतःच्याच बोलण्यात अडकतो.

आमच्या गल्लीचंच बघा की. राकसकोप धरणाचं पाणी नळाला करंगळीएवढं येतं, म्हणून मी थेट लाइनलाच अर्ध्या एचपीची मोटार जोडली. ती सुरू झाली की शेजारच्या आप्पांच्या नळातून फुस्स करून वारं येतं. हे बरं की वाईट? घाबरू नका. जेरेमी बेंथम नावाच्या इंग्रजानं 1789 सालीच लिहून ठेवलंय, की कृत्य त्यातून निघणाऱ्या सुखदुःखावर तोलावं. पुष्कळांचं पुष्कळ सुख. आमच्या घरात माणसं सात, आप्पांकडे दोन. मिटलं. (गल्लीत घरं साठ आहेत, पण बेरीज कुठं थांबवायची हे कळायलाच शिक्षण लागतं.)

आता उद्या आप्पांनीच मोटार आणली तर? तिथं बेंथम कामाचा नाही, कांट काढायचा. या जर्मन माणसानं 1785 मध्ये सांगितलं, की जो नियम सगळ्यांनीच पाळावा असं म्हणता येईल, त्याच नियमानं वागा. आप्पांच्या दारात जाऊन, आवाज जरा चढवून विचारायचं, "आप्पा, सगळ्यांनीच मोटारी लावल्या तर पाणी कुणाला येतंय सांगा की!" आप्पा गप्प बसतात. भला माणूस. थोडक्यात, बेंथम घरात वापरायचा, कांट शेजाऱ्याच्या दारात.

टिळकवाडीत राहत असाल तर काम आणखी सोपं. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात बसून ही सगळी पाश्चात्त्य मतं तपासली, आणि 1915 साली 'गीतारहस्य' छापून आलं. नुसत्या सुखाच्या बेरजेनं नीती ठरत नाही, करणाऱ्याची बुद्धी बघावी लागते, असं त्यांचं म्हणणं. हे तर फारच सोयीचं. आपली बुद्धी शुद्ध आहे हे आपल्याइतकं खात्रीनं दुसरं कोण सांगणार? पुस्तक उघडायची गरज नाही, पत्त्यात टिळकवाडी आहे तेवढं पुरे.

सीमाभागाचं भाग्य असं, की इथं मापंही दोन भाषांत मिळतात. 1956 पासून 1 नोव्हेंबर कन्नड माणसाचा राज्योत्सव आणि मराठी माणसाचा काळा दिवस. नीती सापेक्ष असते का, हा प्रश्न इथल्या पोराला कॉलेजात जाऊन शिकावा लागत नाही. पाणी सोडणारा मराठी असला तर त्याला दिलेले शंभर रुपये चहापाणी. कन्नड असला तर लाच. आणि आप्पांनाही हेच उलट्या बाजूनं ठाऊक आहे, म्हणून तर आमचं जमतं.

बसव जयंतीला स्पीकरवर बसवण्णांचं कन्नड वचन लागतं: कळबेड, कोलबेड, हुसिय नुडियलु बेड. चोरी नको, हत्या नको, खोटं बोलणं नको. खुशाल मान डोलवावी. नळाच्या पाण्याला कोण चोरी म्हणतंय? पण पुढं 'तन्न बण्णिसबेड' येतं, म्हणजे स्वतःची स्तुती करू नको. तेवढ्यापुरतं आपल्याला कन्नड येत नाही.

गेल्या मंगळवारी पहाटे गल्लीत पाच मोटारी एकदम सुरू झाल्या. आमची कोरडीच फिरत राहिली आणि कॉईल जळाली. जळका वास दुपारपर्यंत घरात होता. मला तेव्हाच स्वच्छ कळलं, की लाइनला मोटार लावणं ही उघड चोरी आहे, आणि तसं मी कट्ट्यावर चारचौघांत बोलूनही दाखवलं. मोटार रिवाइंडिंगला टाकली आहे. शनिवारी देतो म्हणालाय. शनिवारपर्यंत माझं मत पक्कं आहे.