कोळीणगीत शूट करणाऱ्यांसाठी हिताच्या चार गोष्टी

अल्बम काढताय? बजेट कमी आहे? मग दापोलीजवळ हर्णै बंदरात या. मागे सुवर्णदुर्ग, पुढे होड्या, लोकेशनला भाडं नाही. गेल्या आठवड्यात एक युनिट येऊन गेलं. त्यांच्याकडून जे शिकायला मिळालं ते तुमच्याही उपयोगी पडावं, म्हणून लिहिते.

वेळ संध्याकाळच्या लिलावाचीच धरा, उन्हं छान तिरपी येतात. होड्या लागल्यात, बैलगाड्या पाण्यात उतरल्यात, बायका भावासाठी घसा फोडतायत, नेमका तेव्हा मधोमध स्पीकर लावा.

खऱ्या कोळणी आधी हटवा. "मावशी, जरा तिकडे सरा ना, फ्रेममध्ये येताय."

टोपलीत चार पापलेटं पुरे. ती उसनी घ्यायची, उन्हात ठेवायची आणि मऊ पडली की "काकू, हातसुद्धा नाही लावला" म्हणत परत करायची.

हिरो नाखवा. त्याने फक्त बघायचं.

आता कंबर. कॅमेरा तिथूनच सुरू करायचा, हे का सांगायला हवं? लुगडं नेसवायला माझ्या आत्याला बोलावलं होतं. तिने त्या मुंबईच्या पोरीला छान नेसवलं आणि सवयीने कमरेला पैशांची पिशवी खोचून दिली. डायरेक्टर धावत आला. "पिशवी काढा, शेप जातोय." शेप! अहो, त्या पिशवीत दिवसाचा गल्ला असतो. बर्फवाल्याचं देणं, गाडीवाल्याचं भाडं, पोराची फी, सगळं त्यातूनच जातं. काष्टा घालतात तो गुडघाभर पाण्यात शिरून पाटी आणता यावी म्हणून. तुम्हाला त्यात पोटरी दिसली. आणि ती पोरगी बिचारी! कमरेच्या एका झटक्यासाठी सतरा वेळा वळवलीत तिला. चेहरा एकदाच घेतलात, तोही लाजताना. एवढ्या उन्हात कोण लाजतं हो?

कायद्याला घाबरू नका. बायकांच्या असभ्य चित्रणाला बंदी घालणारा कायदा १९८६ पासून आहे, पण तुमचं लुगडं तर नऊवारी. संस्कृतीच ती! लॉरा मल्वे नावाच्या, सिनेमाचा अभ्यास करणाऱ्या ब्रिटिश बाईने १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की सिनेमात कॅमेरा, नायक आणि प्रेक्षक असे तिघेही पुरुषाच्याच नजरेने बाईकडे बघतात. ते मात्र वाचू नका. ट्रायपॉड कुठे लावायचा तेच सुचणार नाही मग.

शूटिंगभर नाकाला रुमाल ठेवा. दर्याचा सुगंध गाण्यात आहेच.

अरे, पण डोळे आहेत ना तुम्हाला? समोर बाई व्यापाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून दहा-दहा रुपयांसाठी भांडतेय, पाच जणांचा हिशेब तोंडी ठेवतेय, शिंगाळ्याचा काटा घुसलेलं बोट चिंधीत गुंडाळून तसंच काम रेटतेय, आणि तुम्ही तिला बाजूला सारून तिच्या जागी एक कंबर उभी करता? वर त्याला कोळ्यांचं गाणं म्हणता? लाज नाही वाटत? कॅमेरा त्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीला लावून बघा की एकदा. तीही तुमच्याकडे बघेल, ते सोसणार नसेल तर धंदा बदला. पुढच्या वेळी येण्याआधी त्या बायकांना विचारा, त्यांच्या पुढाऱ्याला नाही. नाही म्हणाल्या तर गाडी फिरवायची आणि मुकाट घरी जायचं.